पाच हात सफेदी

आमच्या घराच्या भिंती चौदा इंच जाड आहेत आणि त्यांतली माती आमच्याच पायाच्या खड्ड्यातून निघाली आहे. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा बोलले आहे की नवरा आता माझ्याआधीच म्हणतो, "चौदा इंच, बरं का!" तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या कामात एका इंचाने माणसं अडकतात, त्यामुळे माझ्या चौदा इंचांची चेष्टा करायचा त्याला हक्क आहे. पण पाहुणे आले की दाराशी थांबून, भिंतीच्या जाडीवर आडवा हात ठेवून तोही दाखवतोच.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. जागा घेतली तेव्हा पहिल्यांदा तिथली माती बरणीत घातली, पाणी ओतलं, हलवली आणि दोन दिवस ठेवून दिली. रेती खाली बसली, गाळ मधे, चिकणमाती वर. पट्टीने तिन्ही थर मोजले आणि या मातीच्या विटा होतील अशी खात्री करून घेतली. मग प्लॉटच्या मधोमध एक काठी रोवून तिला लोकरीचा धागा बांधला आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ वारा कुठून येतो ते लिहून काढलं. खिडक्या त्या वहीवरून ठरल्या. विटा भाजल्या नाहीत, यंत्रात दाबून सावलीत वाळवल्या. छपरावरचं पाणी टाकीत जातं. घरात प्लायवूड नाही, चिकटवलेलं लाकूड नाही, उग्र वास सोडणारं काहीही नाही.

हे सगळं मुळात एका माणसासाठी चाललं होतं, आणि तो माणूस यायला तयार नव्हता.

माझे बाबा रंगारी. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली. थिनर, टर्पेंटाइन, पॉलिश पेपरची धूळ, या सगळ्याला ते एकच नाव देत: कामाचा वास. तो वास छातीत राहिला. आता ते जिना चढताना मधे थांबतात आणि खिडकीतून बाहेर बघतात. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. आई गेल्यापासून ते भाड्याच्या एका खोलीत राहत होते, आणि त्या खोलीच्या खाली गाड्यांना स्प्रे मारायचं गॅरेज होतं. डॉक्टरांनी त्यांना एक प्लास्टिकची नळी दिली होती. सकाळी उठून जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा लिहायचा. बाबा तिला पिपाणी म्हणत. त्या खोलीत पिपाणीचा आकडा एकशे नव्वदच्या वर जात नव्हता. "अशा खोलीत आणखी एक हिवाळा काढू नका," डॉक्टर म्हणाले होते, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले होते.

"येईन ना," बाबा म्हणाले. "महिनाभर. पाहुणा म्हणून. खोली सोडणार नाही."

"मालकाला त्याच महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय ना? पुढच्या वर्षाचा करार?"

"म्हणूनच सांगतोय. ठेवणार आहे. लेकीच्या घरी बसून खायला मी काय म्हातारा झालोय?"

ते एकाहत्तर वर्षांचे आहेत.

घराचं काम चालू असताना ते एकदाच बघायला आले होते. आमचा गवंडी सगळ्यांत 'ओळंबा' म्हणूनच ओळखला जायचा, कारण त्याचं बोलणं वरून सोडलेल्या दोरीसारखं सरळ खाली यायचं. पाया खणायच्या चार महिने आधी त्याने चुना विरवून खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवला होता. तो लोण्यासारखा मऊ चुना त्याने बाबांना थापीवर घेऊन दाखवला.

बाबा थापीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "मी चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या भिंतींवरचा चुना खरवडून काढला, आणि तू तोच विकत आणून लावतेस?"

"काका, तुम्ही खरवडला तो वरचा," ओळंबा म्हणाला. "खालचा अजून तिथेच असेल."

दोघांचं तिथेच बिनसलं.

गिलावा होऊन सहा आठवडे झाले तेव्हा मला तीन दिवस बाहेरगावी प्रशिक्षणाला जावं लागलं. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, बाबांची खोली तेवढी रिकामी होती. परत आले तर बाबा दारातच उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हाताला टर्पेंटाइनचा वास.

"डोळे मीट," म्हणाले. लहानपणी भातुकली आणली होती तेव्हा म्हणाले होते तसेच.

त्यांनी त्यांची खोली रंगवली होती. तीन भिंतींना प्रायमर, पुट्टी, मग प्लास्टिक पेंटचे दोन हात. चौथी, खिडकीची भिंत तेवढी राहिली होती, कारण रंग संपला. छताशी रंगाची कड अशी सरळ गेली होती की तिथे पट्टी ठेवून बघायचा मोह झाला. कुठे ब्रशचा ओरखडा नाही, ओघळ नाही. फिकट पिस्त्याचा रंग. मी दहावीत असताना माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्याला त्यांनी दिला होता तो.

"दम लागला मधे मधे," ते म्हणाले. "पण बसून बसून केलं. लेकीच्या घराला बापाकडून एवढं तरी नको?"

नवरा मागे उभा होता; सासऱ्यांचा हात धरणं त्याला जमलं नव्हतं. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. चुन्याचा गिलावा हवा घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला महिने लागतात आणि तोवर त्यावर असलं काही चालत नाही.

"सुंदर झालंय," मी म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून म्हणता आलं.

"सांग ना त्यांना," स्वयंपाकघरात नवरा हळूच म्हणाला.

"काय सांगू? त्यांचा चेहरा बघितलास?"

"बघितला. म्हणूनच आत्ता सांग. नंतर भिंतच सांगेल."

मी सांगितलं नाही. प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात शिसं निघालं तर मी दुसऱ्या मिनिटाला फोन करते, पण बापाला सांगायला धीर होत नव्हता. बाबा ठरल्याप्रमाणे महिनाभरासाठी राहायला आले आणि मी फक्त मोजत राहिले. प्रत्येक खोलीत मी हवेतला ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत आकडा दर आठवड्याला उतरत होता. बाबांच्या खोलीत तो अडून बसला होता. पिपाणीचंही तसंच. पहिल्या आठवड्यात ती दोनशे चाळीसपर्यंत गेली. मी आनंदाने डॉक्टरांना कळवलंसुद्धा. मग दोनशे तीस, दोनशे पंधरा. बाबा खिडकी उघडी टाकून झोपायला लागले.

महिना संपायला आणि मालकाला उत्तर द्यायला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी बाबा फिरायला गेले असताना मी त्यांची खोली झाडायला घेतली आणि बघितलं तर पलंग खिडकीजवळून सरकून भिंतीला चिकटला होता. झाडू आत जाईना म्हणून मी तो ओढला. मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाला चार फुगे आले होते. सर्वांत मोठा तळहाताएवढा. त्याच्या कडेला कुणीतरी पत्तीने बारीक छेद देऊन, पुट्टी भरून, वरून पुन्हा रंगाचा ठिपका लावला होता. इतकं बारीक काम त्या घरात दुसरं कुणीच करू शकलं नसतं.

मी आकडे लपवत होते आणि बाबा फुगे लपवत होते.

"पलंग कुणी हलवला?" मागून आवाज आला. बाबा दारात होते. फिरायला गेलेला माणूस कोपऱ्यावरून परत आला होता.

"मी."

ते आत आले, पलंगावर बसले, श्वास जुळू दिला. मग म्हणाले, "माझ्या हातची भिंत कधी फुगलेली नाही. एकसुद्धा. विचार कुणालाही. हा गिलावाच खराब आहे. तुझ्या त्या मिस्त्रीने फसवलं तुला."

"बाबा, तसं नाही..."

"बोलव त्याला."

ओळंबा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. फुग्यावर बोटाने टिचकी मारली. आत पोकळ वाजलं.

"गिलावा माझा," तो म्हणाला. "पण त्याचं तोंड तुम्ही बांधलंत, काका."

"तोंड? भिंतीला तोंड असतं?"

"सगळ्या भिंतींना नसतं. हिला आहे."

"हे बघ मिस्त्री, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी..."

"तेव्हापासून सिमेंटवर रंग लावताय. हे सिमेंट नाही."

बाबांचा चेहरा तांबडा झाला आणि त्यांना खोकला सुटला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही जमिनीकडे बघत राहिलो. आता बोलायची पाळी माझी होती हे मला कळत होतं. तीन आठवडे उशिरा का होईना.

मी प्रयोगशाळेतून एक बाटली आणली होती. ओळंब्याला मी दोन ठिकाणांहून गिलाव्याचा टवका काढायला सांगितला: एक बाबांच्या रंगाखालून, एक खिडकीच्या उघड्या भिंतीतून. दोन्ही टवके बशीत ठेवून त्यांच्या ताज्या कडांवर मी बाटलीतल्या द्रवाचे थेंब सोडले.

रंगाखालचा टवका, केसाएवढी कड सोडली तर, आरपार गुलाबी झाला. लग्नाच्या मांडवासारखा भडक गुलाबी.

"अरे!" बाबा पुढे वाकले. राग जरा वेळ विसरले. "हा गुलाबी कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा नाही, बाबा. चुना अजून कच्चा आहे, तिथे हा रंग येतो. दगड झाला की येत नाही. आता दुसरा बघा."

दुसऱ्या टवक्याची आतली बाजू गुलाबी होती, पण हवेकडच्या बाजूला नखाच्या जाडीएवढी पांढरी पट्टी तशीच राहिली. तिथे थेंब पडूनही रंग आला नव्हता.

"एवढा पक्का झाला," मी म्हणाले. "हवा मिळाली तेवढाच."

बाबांनी बशी उचलून उजेडाशी नेली. दोन्ही टवके बराच वेळ बघितले. रंगाच्या बाबतीत त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. दोन छटा शेजारी ठेवल्या की त्यांना कळतं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी हिच्या तोंडावर उशी दाबली."

मग ते माझ्याकडे वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू 'सुंदर' म्हणालीस."

"सुंदर होतंच, बाबा. पण सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

बाबांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं आता ते कपडे भरायला घेतील. पण त्यांनी ओळंब्याकडे मान वळवली. "किती दिवस लागतील खरवडायला?"

"दोन. पण तुम्ही खोलीत नाही थांबायचं. धूळ होते."

"मी दारात बसेन. बाहेरून बघेन. तुझ्या हाताखाली माझा रंग नीट निघतो की नाही ते बघायला नको?"

ते दोन दिवस बाबा तोंडाला मास्क लावून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. ओळंबा भिंत ओली करून रंगाचे पापुद्रे काढत होता आणि बाबा खिडकीतून सूचना देत होते. "पत्ती आडवी धर. आडवी! खणतोयस की काढतोयस?" दुसऱ्या दिवशी दुपारी ओळंबा एक हातभर लांब पापुद्रा अखंड काढून बाहेर घेऊन आला. "काका, रंग मात्र एक नंबर लावला होतात," म्हणाला. "सोडायला तयार नाही." बाबांनी तो पापुद्रा उलटसुलट करून बघितला आणि घडी घालून कचऱ्यात टाकला.

मग त्यांनी जाहीर केलं की सफेदी ते स्वतः करणार.

"बाबा, छाती..."

"वास येतो का तुझ्या चुन्याला?"

"नाही."

"धूळ होते का ओल्याची?"

"नाही. पण डोळ्यांना चष्मा लावायचा. आणि हातमोजे."

"लावीन. अजून काही, साहेब?"

पहिला हात त्यांनी दिला तो दह्यासारखा दाट. चव्वेचाळीस वर्षांच्या हाताला सवयच तशी होती: ब्रश फिरला की मागचं झाकलं गेलं पाहिजे. भिंत लगेच पांढरीफेक दिसायला लागली. बाबा खूश. दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून आला, भिंतीला टेकून त्यांच्याशी गप्पा मारत उभा राहिला, आणि वळला तर त्याच्या निळ्या शर्टाची सगळी पाठ पांढरी.

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "घ्या! जावईबापूंना सासऱ्याने चुना लावला."

"इतकी वर्षं वाटच बघत होतो," नवरा म्हणाला. दोघंही हसले. मग बाबा भिंतीपाशी गेले, तिच्यावरून बोट फिरवलं, बोटावरची भुकटी बघितली आणि त्यांचं हसू गेलं. "मिस्त्रीला बोलव," म्हणाले. या वेळी आवाज वेगळा होता.

ओळंबा आला, भुकटी ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसली, बादलीत पाणी ओतत गेला. "दुधासारखं पाहिजे, काका. तेही पाणी घातलेलं. आधी भिंत भिजवायची. मग एक पातळ हात. काही दिसणार नाही."

"दिसणार नाही म्हणजे?"

"ओलं असताना दिसत नाही. लावायचं आणि निघून जायचं. उद्या वर येतं."

"आणि नाही आलं तर?"

"येतं."

एकाहत्तराव्या वर्षी, दोन हातांत भिंत झाकणाऱ्या माणसाला, न दिसणारा रंग लावून खोलीबाहेर पडायचं होतं. पहिल्या दिवशी ते दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होते. "पाणीच लावलंय मी," असं पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी आम्हा दोघांना उठवलं. "या, या. लवकर." भिंतीवर एक पातळ पांढुरका उजेड चढला होता. बोटाला काही लागत नव्हतं. ते रोज एक हात देत गेले आणि रोज सकाळी आम्हाला उठवत गेले. तिसऱ्या सकाळी नवरा उशीत तोंड खुपसून मला म्हणाला, "आकडा सांग फक्त." त्या दिवशी पिपाणीचा आकडा दोनशे पस्तीस होता.

चौथ्या हातानंतर बाबा म्हणाले, "नुसती पांढरी भिंत रुग्णालयात शोभते." परसात पायाच्या खड्ड्यातली माती थोडी उरली होती. ती त्यांनी पाण्यात कालवायला लावून फडक्यातून गाळून घेतली आणि चुन्यात चमच्याने मोजून मिसळली. सहा कौलांवर सहा नमुने लावून उन्हात ठेवले. चुन्यातला रंग वाळल्यावर कितीतरी फिका होतो. ओळंब्यालाही नक्की सांगता येत नाही. बाबांनी ओल्या बादलीत बघूनच तिसरं कौल उचललं. "हा. वाळला की पहाटेच्या मातीसारखा होईल. बाकीचे तपकिरी मारतील." ऊन उतरेपर्यंत आम्ही थांबलो. तिसरंच बरोबर होतं. मी वहीत प्रमाण लिहून घेतलं. मला ते मोजून सापडायला तीस कौलं लागली असती.

पाचवा हात त्यांनी एकट्याने दिला. बसून, उठून, थांबून, पण एकट्याने. कड छताशी होती तशीच सरळ.

दोन दिवसांनी ओळंबा बघायला आला. तो कधी कुणाची स्तुती करत नाही. आमच्या चौदा इंच भिंतींबद्दलही त्याचं मत 'उभ्या आहेत' इतकंच होतं. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. सकाळचं ऊन तिरपं येऊन भिंतीवर पडलं होतं आणि ती भिंत आतून उजळल्यासारखी दिसत होती. त्याने तळहात टेकवला, काढला, बघितला. स्वच्छ.

"काका," तो म्हणाला, "ही माझ्याने झाली नसती."

बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

"पुढच्या साइटवर पण माती आहे. लालसर. रंग तुम्ही कालवून द्याल? ब्रश माझी माणसं मारतील. तुम्ही खुर्चीत बसा आणि ओरडा."

"ओरडायचे किती घेतोस?" बाबा म्हणाले. मग एकदम कामाच्या सुरात: "ही किती टिकेल?"

"भिंत? तुमच्या नातवंडांना पुरेल. सफेदीला मात्र दर वर्षी एक हात लागतो. आणि बाहेरून दर पावसाळ्यानंतर चिरा बघाव्या लागतात. लक्ष नाही दिलं तर घर रुसतं."

"सात वर्षांची गॅरंटी देणारे रंग लावले मी आयुष्यभर," बाबा म्हणाले. "त्या घरांकडे पुन्हा कधी बोलावणं आलं नाही."

त्या दिवशी महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. मी खोलीचा विषय काढला नव्हता. नवऱ्यालाही बजावलं होतं. पिपाणीच्या सकाळच्या दोनशे पंचावन्न या आकड्याखाली मी फक्त एक रेघ ओढली होती, आणि तीही पेन्सिलने.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाबांचा फोन वाजला. चौदा इंचांच्या भिंतीतून आवाज येत नाही, पण दार उघडं होतं.

"हां, मालक, बोला... नाही, नाही ठेवत... अहो, तब्येत ठणठणीत आहे. कामावर आहे म्हणून... रंगाचं नाही. भिंतीचं... कधी संपेल?" ते हसले, हसता हसता थोडे खोकले, आणि पुन्हा हसले. "तसलं काम नाही हे. संपत नाही. दर वर्षी असतं... हो, हो, सामान शनिवारी जावई घेऊन जाईल. ब्रश आणि पुट्टीच्या पत्त्यांना मात्र कुणी हात लावू नका. त्यांच्यासाठी मी स्वतः येतो."

नवरा माझ्या शेजारी पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून उभा होता. बाबा आत आले, आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं.

"काय बघताय?" म्हणाले. "शनिवारी सुट्टी काढा. आणि बाहेरच्या खोलीची ती डावीकडची भिंत कुणी केली आहे? कड बघा जरा तिची. लाज वाटते मला पाहुण्यांना दाखवायला."